वीजदराची जाहीर सुनावणी आणि केमचा विद्युत्पंपधारक

पुणे–सोलापूर लोहमार्गावरील केम हे गाव सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यात मोडते. येथील उत्तरेश्वराचे देवस्थान व येथे तयार होणारे कुंकू यांमुळे गावाचे नाव दूरवर परिचित आहे. तालुक्याचा पश्चिमेकडील काठ उजनी जलाशयाला लागून असल्याने तेथे ऊस व केळी यांची बागायत वाढली. केमच्या अंगाचा शेतकरी मात्र मुख्यत्वे रब्बी ज्वारी आणि विहिरीचे अथवा विंधन विहिरीचे पाणी यांवर विसंबून असतो. विहिरीत पाणी असणे एवढ्यानेच त्याचे काम भागत नाही. ते पाणी वर येण्यास वीज लागते. आणि कुंकवाच्या कारखान्यातील यंत्र फिरण्यासही वीजच लागते. एकाच गावात, एकाच उपकेंद्रातून आलेली ही वीज दोघांना दोन निरनिराळ्या दरांनी मिळते. हे दर कोण ठरवितो, कोणत्या हिशेबाने ठरवितो, आणि ते ठरत असताना केमच्या शेतकऱ्यास आपला शब्द टाकण्यास काही जागा आहे काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

“दर सरकार ठरविते” असे उत्तर बहुतेक ठिकाणी मिळते. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ शेतकरी आपला हक्क न वापरताच सोडून देतात.

पूर्वीची पद्धत

सन १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याखाली राज्याराज्यांत विद्युत मंडळे स्थापन झाली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली अस्तित्वात आले. खेडोपाडी वीज पोहोचविण्याचे मोठे कार्य या मंडळाने केले, हे निर्विवाद होय. परंतु वीज निर्माण करणे, वाहून नेणे, वाटणे आणि तिचा दर ठरविणे ही सर्व कामे एकाच घरात होत असत. मंडळाने दर ठरवावेत, शासनाने त्यांस संमती द्यावी आणि ग्राहकाने देयक भरावे, असा क्रम होता. दरवाढीपूर्वी ग्राहकांची जाहीर सुनावणी घेण्याची पद्धत नव्हती.

अशा बंद दाराआडच्या कारभाराचे परिणाम काय होतात, हे दाभोळ प्रकल्पाच्या बाबतीत महाराष्ट्राने अनुभवले. एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या दाभोळ पॉवर कंपनीशी मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार केला. स्पर्धात्मक निविदा मागविण्यात आल्या नव्हत्या, आणि कराराचा तपशील सामान्य ग्राहकापुढे आला नव्हता. सन १९९५ मध्ये करार रद्द झाला, पुढे सुधारून पुन्हा झाला, १९९९ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली आणि २००१ मध्ये बंद पडली. डॉ. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००१ मध्ये या सर्व व्यवहारातील त्रुटी शासनापुढे मांडल्या. ज्या वेळी प्रश्न विचारावयास हवे होते, त्या वेळी ते विचारण्याची अधिकृत जागाच नव्हती, हा यातील मुख्य धडा होय.

कायद्याने झालेला बदल

वीजकंपन्यांचे दर एका स्वतंत्र आयोगाने जाहीर सुनावणी घेऊन ठरवावेत, ही पद्धत अमेरिकेतील न्यूयॉर्क व विस्कॉन्सिन या राज्यांत १९०७ सालीच सुरू झाली होती. आपल्या देशात ओरिसा राज्याने १९९६ मध्ये प्रथम असा आयोग नेमला. पुढे १९९८ च्या केंद्रीय कायद्यान्वये १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाची स्थापना झाली. सन २००३ च्या विद्युत कायद्याने ही व्यवस्था अधिक पक्की केली. सन २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांसाठी वेगळ्या कंपन्या झाल्या. त्यांपैकी महावितरण ही कंपनी केमसारख्या गावांना वीज पुरविते.

तेव्हापासून या व्यवहारात तीन पक्ष आहेत. महावितरण आपला अपेक्षित खर्च मांडून दर मागते. आयोग तो खर्च तपासून दर ठरवितो. शासन व्यापक धोरण ठरविते आणि एखाद्या वर्गास स्वस्त अथवा विनामूल्य वीज द्यावयाची असेल तर त्याचा भार अनुदानरूपाने उचलते. असे अनुदान शासनाने आगाऊ द्यावे, असे कायद्याच्या ६५ व्या कलमात सांगितले आहे.

चौथा पक्ष ग्राहकांचा. कलम ६४ प्रमाणे दराचा अर्ज कंपनीने संक्षिप्त रूपाने प्रसिद्ध केलाच पाहिजे, आणि लोकांकडून आलेल्या सूचना व हरकती विचारात घेऊनच आयोगाने आदेश द्यावयाचा असतो. कलम ९४ अन्वये ग्राहकांची बाजू मांडण्यास योग्य व्यक्तीस वा संस्थेस आयोग प्राधिकृत करू शकतो. आयोगास सल्ला देणाऱ्या समितीत शेतीच्या प्रतिनिधीसही स्थान ठेवलेले आहे. याचा अर्थ असा की, शेतकऱ्याचे म्हणणे ऐकणे ही कोणाच्या मेहेरबानीची गोष्ट राहिलेली नसून ते कायद्याने नेमून दिलेले काम आहे.

मोजमापाचा प्रश्न

आता केम येथील ५ अश्वशक्तीचा पंप असलेला एखादा शेतकरी घेऊ. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. त्याचा पंप पूर्ण भाराने एक तास चालला तर ३.७३ युनिट वीज लागते. मोटारीत होणारी घट धरल्यास हा आकडा काहीसा वाढेल, परंतु हिशेबाच्या सोयीसाठी ती बाजूस ठेवू. विहिरीचे पाणी व विजेची पाळी पाहता हा पंप वर्षातून १२० दिवस, रोज ८ तास चालला असे समजू. म्हणजे ९६० तास झाले आणि सुमारे ३,५८१ युनिट वीज लागली.

या पंपास मीटर नाही, अथवा आहे पण बंद आहे, असे समजा. मग वापर अंदाजाने मांडावा लागतो. हा पंप वर्षाकाठी १,५०० तास चालतो असे कागदोपत्री गृहीत धरले, तर वापर ५,५९५ युनिट होतो. म्हणजे जी वीज विहिरीवर आलीच नाही, अशी २,०१४ युनिट वीज एका पंपाच्या नावावर चढली. गावात असे १०० पंप असतील तर हा फरक दोन लाख युनिटांवर जातो.

ही वीज गेली कोठे? हे समजण्यासाठी आणखी एक लहानसा हिशेब पाहावा. वितरणजाळ्यात १०० युनिट सोडले आणि मीटरवरील ग्राहकांकडे ६० युनिटांची नोंद झाली. उरलेल्या ४० युनिटांत बिनमीटरच्या पंपांचा वापर आहे आणि तारांतील घट व चोरी मिळून होणारी गळतीही आहे. पंपांचा वापर २५ मांडला तर गळती १५ दिसते. तोच १५ मांडला तर गळती २५ निघते. दोन्हींची बेरीज ४० च राहते. म्हणून पंपांचा अंदाज जितका फुगतो, तितकी गळती कागदावर आटते.

याचे तीन दुष्परिणाम होतात. पहिला असा की, गळती दिसेनाशी झाल्यावर जुन्या तारा बदलणे व चोरी थांबविणे यांकडे लक्ष जात नाही आणि पंपास कमी दाबाने वीज मिळत राहते. दुसरा असा की, कागदावरील वाढीव युनिटांचा भार अनुदानाच्या रूपाने सरकारी तिजोरीवर आणि वाढीव दराच्या रूपाने उद्योग व व्यापार यांच्यावर पडतो. केमच्या कुंकू कारखानदारासही त्यातून सुटका नसते. तिसरा असा की, वीज शेतकरी खातो असा समज पसरतो आणि शेतकऱ्याने केलेल्या न्याय्य मागणीचेही वजन कमी होते.

सुनावणीने काय साधले

हा केवळ तर्क नव्हे. विद्युत मंडळाच्या पहिल्या दरअर्जावर आयोगाने जाहीर सुनावणी घेतली आणि ५ मे २००० रोजी आदेश दिला. तत्पूर्वी मंडळ गळती १८ टक्क्यांच्या आसपास दाखवीत असे. पुण्याची प्रयास ही संस्था, मुंबई ग्राहक पंचायत व इतर ग्राहक संघटनांनी मंडळाचे आकडे तपासले आणि शेतीपंपांचा वापर कसा मोजला, हा साधा प्रश्न लावून धरला. त्याचे समाधानकारक उत्तर मिळेना. छाननीअंती गळती ३० टक्क्यांच्याही वर असल्याचे पुढे आले. मंडळाच्या दप्तरात वर्षानुवर्षे जे दडून राहिले होते, ते काही महिन्यांच्या जाहीर प्रश्नोत्तरांनी उघड झाले.

प्रश्न तेथेच संपला नाही. सन २००३ च्या कायद्याने दोन वर्षांत सर्वत्र मीटर बसविण्यास सांगितले असले, तरी अनेक पंप बिनमीटरचेच राहिले आणि शेतीच्या वापराबद्दलचा वाद पुन्हा पुन्हा आयोगापुढे आला. अखेर आयोगाने या विषयासाठी अभ्यासगट नेमला. त्याच्या अहवालाच्या आधारे ३० मार्च २०२० च्या आदेशात शेतीचा वापर पूर्वी मांडलेल्यापेक्षा कमी धरण्यात आला आणि गळतीचे आकडे त्या मानाने वाढवून धरण्यात आले. या कामी कृषी वाहिन्यांच्या नोंदींचा उपयोग झाला. ज्या वाहिनीवर केवळ शेतीपंप आहेत, तिच्यात उपकेंद्रातून किती वीज सोडली हे तेथील मीटर सांगतो. मग प्रत्येक पंपाचा अंदाज बांधण्याचे कारण उरत नाही.

वीज विनामूल्य असताना हिशेब कशास हवा

जुलै २०२४ मध्ये शासनाने मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना जाहीर केली. तीनुसार ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत विनामूल्य वीज देण्याचे ठरले. तेव्हा “देयकच येत नाही, मग युनिट किती हे कशास पाहावे?” असे एखादा शेतकरी विचारील. त्यास उत्तर असे की, शेतकऱ्याने पैसे भरले नाहीत तरी वीज फुकट तयार होत नाही. तिचा दर आयोग ठरवितो व तो शासन महावितरणास देते. हा पैसा करदात्यांचा आहे. शिवाय सवलतीस मुदत असते. सन २००४ मध्येही शेतीपंपांना विनामूल्य वीज देण्यात आली होती आणि पुढील वर्षीच ती बंद झाली. सवलत संपेल त्या दिवशी शेतकऱ्याच्या नावावर किती युनिटांचा वापर मांडलेला आहे, यावर त्याचे पुढचे देयक अवलंबून राहील. म्हणून मीटर चालू ठेवण्यात व नोंद पाहण्यात शेतकऱ्याचेच हित आहे.

ग्रामसभेपुढील निर्णय

विजेचे सर्वच निर्णय मुंबईस होतात असे नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली व २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. उपकेंद्राजवळच्या जागेवर सौर प्रकल्प उभारून त्याची वीज कृषी वाहिनीस द्यावी आणि शेतकऱ्यास दिवसा पाणी देता यावे, हा तिचा हेतू आहे. रात्रीच्या पाळीत साप, विंचू व अंधार यांना तोंड देत ज्याने ज्वारीला पाणी पाजले आहे, त्यास दिवसाच्या विजेचे मोल सांगण्याची जरुरी नाही. सन २०२३ च्या निर्णयाप्रमाणे खाजगी जमिनीस हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे व त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ, आणि प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतीस तीन वर्षे प्रतिवर्षी ५ लाख रुपये, अशी तरतूद करण्यात आली.

तथापि यात गावाने विचारावयाचे प्रश्न आहेत. जागा गायरानाची असेल तर गुरांच्या चराईची सोय काय? त्या जागेतून जाणारी पाणंद अथवा पाझर तलावाचा ओढा मोकळा राहील काय? पंचायतीस मिळणारी रक्कम कशासाठी खर्च व्हावी? वर्षातून निदान चार ग्रामसभा घेणे कायद्याने आवश्यक आहे. हे प्रश्न तेथे विचारून त्यांची नोंद इतिवृत्तात करून घ्यावी. काम सुरू झाल्यावर तक्रार करण्यापेक्षा आधी विचारलेला प्रश्न अधिक उपयोगी पडतो.

हरकत कशी नोंदवावी

दराचा अर्ज दाखल झाल्यावर वृत्तपत्रांतून जाहीर सूचना प्रसिद्ध होते. तीत अर्जाचा सारांश, हरकती पाठविण्याची शेवटची तारीख व सुनावणीची ठिकाणे दिलेली असतात. गावातील वाचनालयात वृत्तपत्रे वाचणाऱ्यांनी ही सूचना इतरांच्या निदर्शनास आणावी. त्यानंतर पुढील क्रमाने जावे.

१. हरकत मराठीत लिहिली तरी चालते. तीत आपले नाव, पत्ता व ग्राहक क्रमांक स्पष्ट लिहावा.

२. मुद्दे दोन किंवा तीनच घ्यावेत. “दर फार आहेत” एवढेच लिहिल्याने काही साधत नाही. “आमच्या वाहिनीवर गेल्या हंगामात इतके तास वीज मिळाली, तर अर्जात गृहीत धरलेले तास अधिक आहेत, ते कोणत्या नोंदीवरून घेतले?” असा प्रश्न विचारल्यास कंपनीस उत्तर द्यावे लागते.

३. एक प्रत आयोगास व एक प्रत कंपनीस पाठवावी आणि पोच जपून ठेवावी.

४. प्रत्यक्ष बोलावयाचे असल्यास तसे हरकतीत नमूद करावे. आपल्या भागासाठी सुनावणी बहुधा पुणे येथे होते. केमहून पुण्यास रेल्वेने जाता येते. सर्वांनी जाण्याची गरज नाही. दहा-वीस पंपधारकांनी मिळून तयारीचा एक माणूस पाठविला तरी पुरे.

५. कंपनीचे लेखी उत्तर आल्यावर ते नीट वाचावे. आपल्या प्रश्नास बगल दिली असल्यास सुनावणीत तेवढेच दाखवून द्यावे.

पंपघरातील वही

वरील कामास आधार लागतो तो नोंदींचा. यास्तव पंपघरात शंभर पानांची एक वही टांगून ठेवावी. तीत तारीख, वीज आल्याची वेळ, गेल्याची वेळ, मीटरचा आकडा आणि रोहित्र जळाले असल्यास तक्रार केल्याचा व दुरुस्त झाल्याचा दिवस, इतके रकाने असावेत. रोजची नोंद करण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. एका वाहिनीवरील पाच शेतकऱ्यांनी एक वर्ष अशी वही ठेवली आणि त्यांच्या नोंदी एकमेकींशी जुळल्या, तर तो चांगला पुरावा होतो. शाळेत शिकणाऱ्या मुलांकडे हे काम सोपविल्यास त्यांचेही गणित पक्के होईल.

याच वहीचा दुसरा उपयोग वैयक्तिक तक्रारीसाठी होतो. धोरणावरील हरकत आणि स्वतःची तक्रार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ध्यानी ठेवावे. देयक चुकले, मीटर न पाहताच आकडा टाकला, अथवा जळालेले रोहित्र मुदतीत बदलले नाही, तर दराच्या सुनावणीची वाट पाहू नये. प्रथम कंपनीच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. तेथे दाद न लागल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे व त्यानंतर विद्युत लोकपालाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे गेले पाहिजे, आणि मंचाच्या निर्णयानंतर साठ दिवसांच्या आत लोकपालाकडे.

या व्यवस्थेच्या मर्यादा

सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. हजार हरकती आल्या म्हणून दर कमी होतोच असे नाही. अर्जाची कागदपत्रे शेकडो पानांची असतात व त्यांतील बरीचशी इंग्रजीत असतात. उद्योगधंद्यांच्या संघटना जाणकार माणसे नेमतात. शेतकऱ्याजवळ तेवढी साधने नसतात. आयोगाच्या सदस्यांची नेमणूक निवड समितीच्या शिफारशीवरून शासन करते आणि सार्वजनिक हिताच्या धोरणाबाबत शासन आयोगास निदेशही देऊ शकते. आदेश निघाल्यावरही लक्ष ठेवावे लागते. २८ मार्च २०२५ रोजी आयोगाने दिलेला आदेश २ एप्रिल रोजी स्थगित झाला आणि महावितरणाच्या फेरविचाराच्या अर्जानंतर २५ जून २०२५ रोजी बदललेला आदेश निघून तो १ जुलैपासून लागू झाला. मार्चचा आदेश वाचून जो निश्चिंत झाला, त्याचा हिशेब तीन महिन्यांत चुकला.

या मर्यादा खऱ्या आहेत. परंतु यास्तव सुनावणीकडे पाठ फिरविणे हा उपाय नव्हे. सन २००० मध्ये ज्यांनी प्रश्न विचारले त्यांच्याजवळ सत्ता नव्हती; त्यांच्याजवळ बेरीज-वजाबाकी आणि चिकाटी होती. तेवढ्या बळावर मोठ्या मंडळास आपला हिशेब पुन्हा मांडावा लागला. आपल्या विहिरीत किती हात पाणी आहे, हे केमचा शेतकरी दोर सोडून स्वतः पाहतो. दुसऱ्याच्या सांगण्यावर पीक लावीत नाही. विजेच्या बाबतीतही त्याने हीच सवय लावून घ्यावी. येत्या रब्बीच्या पहिल्या पाळीपासून वहीत नोंद सुरू करावी, आणि पुढील जाहीर सूचना वृत्तपत्रात येईल त्या वेळी ती वही हाताशी असावी.